सुया लावल्यावर लघवी वाढली, पण किडनीचं काय?

तुम्ही लिहिलेली हकिगत थोडक्यात अशी. बाबांचं वय ६६, अठरा वर्षांचा मधुमेह, सोबत बीपी. मार्चमध्ये रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीने बाहेर टाकायची घाण, ती वाढली म्हणजे किडनीचं काम घटलं) २.४ आलं. संध्याकाळी पायांवर सूज येते, रात्री चार-पाच वेळा उठावं लागतं. गुडघ्यांसाठी म्हणून ॲक्युपंक्चर सुरू केलं. तिथल्या उपचारकांनी सांगितलं, ‘किडनीच्या पॉइंटवरही सुया लावतो, लघवी मोकळी होईल, किडनी परत कामाला लागेल.’ दहा सिटिंग झाली. प्रत्येक सिटिंगनंतर भरपूर लघवी होते, सूज उतरल्यासारखी वाटते आणि परवाच्या तपासणीत क्रिएटिनिन २.१ आलं. आता बाबा म्हणतात, नेफ्रॉलॉजिस्टच्या (किडनीच्या डॉक्टरांच्या) गोळ्या सोडतो आणि सुयाच चालू ठेवतो. तुमचा प्रश्न आहे, असं खरंच होतं का, आणि किती दिवस वाट पाहावी.

मी एमबीबीएस झाल्यानंतर ॲक्युपंक्चर शिकले आणि गेली चोवीस वर्षं सोलापुरात तेच करते आहे. माझं घर सुयांवर चालतं, त्यामुळे सुईला नावं ठेवायला मी बसलेली नाही. तरीही पहिली गोष्ट आजच बाबांना सांगा: गोळ्या बंद करायच्या नाहीत, एक दिवससुद्धा नाही. सुया चालू ठेवल्या तरी चालतील, त्याबद्दल पुढे लिहिते.

सगळा घोळ एका समजुतीतून होतो. लघवी तयार करणं हे किडनीचं काम. ती साठवणं आणि वेळ आली की बाहेर सोडणं हे मूत्राशयाचं. आपण दोन्हीला ‘लघवी होणं’ म्हणतो, म्हणून लघवी मोकळी झाली की किडनी सुधारली असं वाटतं. निरोगी माणसाच्या दोन्ही किडन्या मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव रक्तातून गाळतात आणि त्यातला दीड-दोन लिटर सोडून बाकी सगळा परत रक्तात ओढून घेतात. किती गाळलं गेलं, हे किडनीचं खरं काम. बाहेर किती पडलं, हा त्यातला अगदी शेवटचा उरलेला भाग.

घरात पीठ चाळताना चाळण कुठे तरी उसवली असेल तर पीठ भराभर खाली पडतं. पडताना बरं वाटतं, पण परातीत हात घातला की कोंडा लागतो. मधुमेहाने थकलेल्या किडनीचं साधारण असंच होतं. रक्तात राहायला हवीत ती प्रथिनं लघवीतून जातात, कमोडमध्ये फेस दिसतो आणि टाकायची घाण मात्र मागे साचते. शिवाय अशी किडनी लघवी घट्ट करू शकत नाही. आपली लघवी सकाळी गडद असते, कारण रात्रभर किडनी पाणी राखून ठेवते. ती ताकद गेली की रात्रीही पाण्यासारखी लघवी होत राहते. बाबा रात्री चार-पाच वेळा उठतात त्यामागे हे एक कारण असू शकतं. क्रिएटिनिन ५-६ झालेली माणसंसुद्धा दिवसाला दोन लिटर लघवी करताना मी पाहिली आहेत. ‘मला लघवी छान होते, मला कसला किडनीचा आजार?’ असं ती ठासून सांगतात, आणि तिथेच वेळ जातो.

मग सिटिंगनंतर लघवी वाढते ती कशाने? वाढते हे खरं आहे, बाबा खोटं बोलत नाहीत. माझ्याकडेही पायाला सूज असलेली माणसं टेबलावरून उठली की आधी बाथरूम विचारतात. पण ती अर्धा-पाऊण तास आडवी पडलेली असतात. दिवसभर पायांत उतरलेलं पाणी आडवं पडलं की हळूहळू रक्तात परत येतं. हृदयाकडे जास्त रक्त येतं, हृदयाचे वरचे कप्पे ताणले जातात आणि त्यांतून एक संप्रेरक सुटतं. ते किडनीला सांगतं, मीठ आणि पाणी सोड. सूज उतरते, लघवी होते. यात सुईचा वाटा किती आणि पलंगाचा किती, हे घरच्या घरी पाहता येतं. सिटिंग नसलेल्या दिवशी, त्याच वेळेला, बाबांना पाय उशीवर ठेवून पाऊण तास पडायला सांगा आणि नंतरची लघवी मापात घ्या. मी बऱ्याच जणांना हे करायला लावलं आहे आणि आकडे फारसे वेगळे आलेले नाहीत. मात्र पडल्यावर धाप लागत असेल, दोन-तीन उशा घ्याव्या लागत असतील, तर हा प्रयोग करू नका. फुप्फुसात पाणी साचल्याचं ते लक्षण असू शकतं, डॉक्टरांना लगेच कळवा.

आणखी एक विचारते, सिटिंग किती वाजता असतं? नेफ्रॉलॉजिस्टनी मार्चमध्ये सूज पाहून लघवीची गोळी दिली असेल तर ती बहुतेक सकाळी घ्यायला सांगितली असणार. तिचा जोर तास-दीड तासात येतो. नऊला गोळी आणि दहाला सुया असतील, तर श्रेय कुणाला द्यायचं ते तुम्हीच ठरवा.

आता क्रिएटिनिन २.४ चं २.१ कसं झालं? एवढा फरक दोन वेगळ्या लॅबमध्ये, किंवा एकाच लॅबमध्ये वेगळ्या दिवशीही पडू शकतो. आदल्या रात्री मटण खाल्लं की क्रिएटिनिन थोडं वर जातं, पाणी नीट प्यायलेलं असलं की थोडं खाली येतं. महिनाभर जेवण कमी होऊन दंड-मांड्या सुकल्या तरी खाली येतं, कारण क्रिएटिनिन स्नायूंमधूनच तयार होतं, आणि ते खाली येणं काही चांगलं नव्हे. एका आकड्यावर उडी मारू नये. तीन महिन्यांत, त्याच लॅबमध्ये केलेले तीन आकडे शेजारी शेजारी ठेवले की खरी चाल दिसते.

पण तुमच्या पत्रातल्या एका वाक्यापाशी मी थांबले. ‘गुडघे आता बरे आहेत, पूर्वी रोज पेनकिलर लागायची.’ पेनकिलर कोणती? डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांपैकी असेल तर तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच सापडतं. किडनीच्या प्रत्येक गाळणीकडे रक्त नेणारी एक बारीक धमनी असते. ती उघडी ठेवायला शरीर जी रसायनं वापरतं तीच या गोळ्या बंद पाडतात. तरुण, धडधाकट माणसाला दोन दिवसांत काही होत नाही. पण मधुमेहाने किडनी आधीच थकलेली, वर बीपीची गोळी, वर लघवीची गोळी, आणि त्यात रोजची पेनकिलर असं झालं की गाळणीवरचा दाब एकदम पडतो. पेनकिलर सुटली की काही आठवड्यांत क्रिएटिनिन थोडं खाली येऊ शकतं.

म्हणजे सुयांनी बाबांच्या किडनीला मदत केली असण्याची शक्यता आहे, पण ती गुडघ्याच्या वाटेने. गुडघा कमी दुखला, गोळी सुटली, किडनीवरचा मार थांबला. ॲक्युपंक्चरचा किडनीला होणारा मला सर्वांत भरवशाचा वाटणारा उपयोग हाच आहे आणि याबद्दल कुणी बोलत नाही याचं मला वाईट वाटतं. ज्यांच्या किडनीला पेनकिलर चालत नाही अशा माणसाच्या कंबरेला, मानेला, गुडघ्याला सुईने आराम मिळत असेल तर मी ते काम आनंदाने करते. त्यासाठी ‘किडनी पॉइंट’ची गरज नाही.

त्या ‘किडनी पॉइंट’बद्दलही सांगायला हवं. आमच्या प्रत्येक दवाखान्याच्या भिंतीवर माणसाच्या शरीरावर रंगीत रेघा ओढलेला तक्ता असतो. त्यात एक रेघ तळव्याच्या खळग्यातून निघते, आतल्या घोट्यामागून वर चढते आणि छातीपर्यंत जाते. तिच्यावर ‘मूत्रपिंड’ असं लिहिलेलं असतं. रुग्ण ते वाचतो आणि त्याला वाटतं, घोट्यामागे सुई टोचली की थेट किडनीला पोचते. पण जुन्या चिनी वैद्यकात ज्याला ‘शेन’ म्हणतात आणि ज्याचं भाषांतर आपण मूत्रपिंड केलं, ती कल्पना फार मोठी आहे. हाडं, कान, केस, वीर्य, मूल होण्याची ताकद, म्हातारपण, भीती हे सगळं शेनच्या खात्यात. कंबर दुखते, कानात आवाज येतो, केस पिकले तरी चिनी वैद्य ‘शेन कमजोर’ म्हणेल आणि त्या माणसाचं क्रिएटिनिन ०.९ असेल. उलट २.४ क्रिएटिनिनवाल्याची नाडी पाहून तो दुसरंच काही म्हणेल. आपल्या आयुर्वेदात वात म्हणजे नुसता वारा नव्हे, तसंच हे. भाषांतराने दोन वेगळ्या गोष्टींना एकच नाव मिळालं आणि त्यावर लोकांचे पैसे आणि महिने खर्च होतात.

आता जिथे सुई खरंच काम करते तिकडे येते: मूत्राशय. मूत्राशयाच्या नसा माकडहाडाच्या वरच्या त्रिकोणी हाडातल्या छिद्रांतून बाहेर येतात. पायाच्या आतल्या बाजूने घोट्याकडे जाणारी टिबियल नस मणक्याच्या जवळपास त्याच पातळीवरून निघते. म्हणून घोट्याच्या वर चार बोटं, नडगीच्या हाडाच्या मागे सुई लावून हलका करंट दिला की चाळवलेलं मूत्राशय शांत होऊ शकतं. आमच्या शास्त्रात त्या जागेला स्प्लीन ६ म्हणतात. युरोलॉजिस्ट जवळजवळ तिथेच सुई घालून जो उपचार करतात त्याला टिबियल नर्व्ह स्टिम्युलेशन म्हणतात. २०१० साली अमेरिकेत २२० जणांवर त्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. आठवड्यातून एकदा अर्धा तास, असे बारा आठवडे. वारंवार आणि घाईची लघवी असलेल्यांपैकी ५४.५ टक्क्यांना चांगला फरक पडला, नकली उपचार मिळालेल्यांत २०.९ टक्क्यांना.

खोकताना-शिंकताना लघवी सुटणं, हा आपल्या बायकांनी वर्षानुवर्षं गप्प बसून सोसलेला त्रास. चीनमध्ये ५०४ स्त्रियांवर केलेला अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. कंबरेखालच्या दोन जागी विजेच्या सुया, सहा आठवड्यांत अठरा सिटिंग. एका तासाच्या पॅड चाचणीत गळती सरासरी ९.९ ग्रॅमने घटली. दुसऱ्या गटाला आत न शिरणाऱ्या, नुसत्या टेकवलेल्या सुया लावल्या होत्या, त्यांच्यात २.६ ग्रॅमने. पुरुषांच्या जुनाट प्रोस्टेटच्या दुखण्यावर ४४० जणांचा असाच अभ्यास २०२१ साली आला. आठ आठवडे, वीस सिटिंग, फरक पडलेले ६०.६ टक्के, नकली सुयांनी ३६.८ टक्के. नकली सुयांनीही शंभरातल्या छत्तीस-सदतीस जणांना बरं वाटतं, हे माझ्या व्यवसायातल्या प्रत्येकाने लक्षात ठेवायला हवं.

कंबरेखालच्या त्या जागा शोधणं हे हाताचं काम आहे. बाई पालथी झोपलेली असते, मी अंगठा त्रिकोणी हाडावरून सावकाश खाली सरकवते. हाडात खळगे लागतात. तिसरा खळगा सापडला की लांब सुई तिरकी घालायची. बरोबर जागी गेली की बाई म्हणते, ‘आत जड झालं, खाली ओढल्यासारखं होतंय.’ हे जडपण येईपर्यंत मी सुई सोडत नाही. ते येण्यासाठी शेजारच्या नसा जाग्या असाव्या लागतात. किडनीच्या गाळण्यांकडे अशी थेट वाट जात नाही.

मूत्राशय आणि किडनी यांतला फरक मला सर्वांत स्पष्ट दिसला तो एका रुग्णाच्या वहीत. मी लघवीच्या तक्रारीसाठी येणाऱ्या प्रत्येकाला तीन दिवस वही ठेवायला सांगते. एक प्लास्टिकचा मापाचा मग, वेळ लिहायची, मिली लिहायचे. हे गृहस्थ निवृत्त शिक्षक, अक्षर मोत्यासारखं. पहिल्या वहीत एका दिवसात चौदा नोंदी: १२०, ९०, १५०, ११०... बेरीज १,९००. बारा सिटिंगनंतरच्या वहीत आठ नोंदी: २५०, २२०, ३०० अशा. बेरीज १,८५०. खेपा चौदाच्या आठ झाल्या, रात्रीची झोप परत आली, एसटीने मुलीकडे जाता येऊ लागलं. आणि किडनीने दिवसभरात तयार केलेली लघवी होती तेवढीच राहिली. सुईने भांडं शांत केलं, नळ होता तसाच होता.

किडनीच्या गाळण्याच्या कामावर काहीच अभ्यास नाहीत असं नाही. उंदरांची किडनी मुद्दाम कापून कमी करून त्यांना विजेच्या सुया दिल्या तेव्हा किडनीकडे जाणाऱ्या नसांचा ताण कमी झाला आणि बिघाडाचा वेग मंदावला, असं ब्राझीलमधल्या संशोधकांनी दाखवलं आहे. तैवानमध्ये किडनीच्या जुनाट आजाराच्या मोजक्या रुग्णांना बारा आठवडे सुया दिल्या, त्यात क्रिएटिनिनमध्ये थोडी सुधारणा नोंदली गेली. हे वाचून मलाही उत्सुकता वाटते. पण थोड्या लोकांचे, थोड्या महिन्यांचे आकडे आहेत ते. डायलिसिसची वेळ लांबली का, माणूस जास्त जगला का, याचं उत्तर त्यात नाही. वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०१६ साली किडनीच्या आजारातले सुया आणि दाब-उपचारांचे २४ अभ्यास, मिळून १,७८७ रुग्ण, एकत्र तपासले. डायलिसिसवरच्या लोकांचा थकवा, झोप, खाज, उदासी यांत दाब-उपचाराने थोडा, तात्पुरता आराम दिसतो आणि तोही कच्च्या पुराव्यावर, एवढंच त्यातून निघालं. किडनी सुधारते असं काही हाती लागलं नाही.

याच्या शेजारी बाबांच्या गोळीचा हिशेब ठेवून बघा. डॅपाग्लिफ्लोझिन नावाची गोळी त्यांच्या चिठ्ठीत असेल. २०२० साली तिचा ४,३०४ रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सुमारे अडीच वर्षांत किडनीचं काम निम्म्याने खाली येणं, डायलिसिसची वेळ येणं किंवा किडनी-हृदयामुळे मृत्यू येणं, यांपैकी काही ना काही गोळी न मिळालेल्या शंभरातल्या चौदा-पंधरा जणांना झालं, गोळी घेणाऱ्या शंभरातल्या नऊ जणांना. त्याच वर्षी आपल्याकडे तिची जेनेरिक रूपं आली आणि किंमत बरीच उतरली. लोसार्टन, टेल्मिसार्टन या बीपीच्या गोळ्यांचंही असंच: त्या गाळणीवरचा जादा दाब कमी करतात आणि प्रथिनांची गळती रोखतात. या गोळ्या सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत क्रिएटिनिन थोडं वाढू शकतं. हे अपेक्षित असतं आणि नेमकं तेव्हाच घाबरून लोक गोळी सोडतात. बाबांच्या वयाला २.१ क्रिएटिनिन म्हणजे किडनीचं गाळण्याचं काम (रिपोर्टवर eGFR लिहिलेलं असतं ते) ३४ च्या आसपास, २.४ असताना २९. ९० च्या वर असायला हवं ते तिशीत आहे. इथून पुढे जपून चालायचं आहे, गमावायला फार उरलेलं नाही.

मी हे इतक्या कळकळीने लिहिते त्याला कारण आहे. प्रॅक्टिसच्या तिसऱ्या वर्षी यंत्रमागावर काम करणारा एक एक्केचाळीस वर्षांचा माणूस कंबरदुखी आणि सकाळी डोळ्यांखाली येणारी सूज घेऊन आला. मी नुकतीच शिकून आलेली, पुस्तकात बसणारी सगळी लक्षणं. ‘शेन-यांग कमजोर’ असं निदान केलं, कंबरेवर सुया लावल्या, वरून मोक्साचा, म्हणजे वाळवलेला औषधी पाला पेटवून देतात तो, शेक दिला. त्याला बरं वाटायचं. शेकाने कुणालाही बरं वाटतं. आठ सिटिंग झाली आणि नवव्याला तो आला नाही. पंधरा दिवसांनी त्याचा भाऊ उरलेल्या सिटिंगचे आगाऊ दिलेले पैसे परत घ्यायला आला तेव्हा कळलं, क्रिएटिनिन नऊच्या वर गेलं होतं, डायलिसिस सुरू झालं होतं. त्या आठ सिटिंगमध्ये मी एकदाही त्याचं बीपी घेतलं नव्हतं. लघवी तपासायला एक पट्टी बुडवायची असते, दोन मिनिटांत रंग बदलतो, तेही केलं नव्हतं. किडनी तेव्हा वाचली असती की नाही ते कुणी सांगू शकत नाही, पण ते आठ आठवडे मी घेतले. तेव्हापासून माझ्याकडे पहिली सुई लागण्याआधी बीपीचा पट्टा दंडाला लागतो आणि लघवीची बाटली हातात दिली जाते, मग रुग्ण मानदुखीचा का असेना.

मी सोलापूरची, त्यामुळे डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं नाव लहानपणापासून ऐकत आले. १९३८ साली पाच भारतीय डॉक्टरांचं पथक चीनला गेलं, त्यात ते होते, आणि १९४२ साली तिथेच वारले. ते सर्जन होते, सुया त्यांनी लावल्या नाहीत. पण त्याच पथकातले डॉ. बसू पुढे पुन्हा चीनला जाऊन ॲक्युपंक्चर शिकले आणि ते कोलकात्यात घेऊन आले. ही विद्या आपल्याकडे डॉक्टरांच्या हातून आली, तपासणीची सवय सोडून नव्हे. महाराष्ट्रात तर तिच्यासाठी स्वतंत्र कायदा आणि नोंदणी करणारी परिषद आहे. बाबांच्या उपचारकांची नोंदणी आहे का, हे जरूर विचारा. भिंतीवर प्रमाणपत्र लावलेलं असतं, विचारण्यात अपमान नाही.

किडनीच्या रुग्णाला सुया लावताना मी काय पाळते ते सांगते, म्हणजे तुम्हाला तिथे बघता येईल. सुई पाकिटातून तुमच्यासमोर काढलेली, एकदाच वापरायची. सुजलेल्या पायात सुई नाही. दाबल्यावर खळगा पडतो अशा कातडीतून पाणी झिरपत राहतं आणि मधुमेह्याच्या पायात जंतू शिरायला तेवढी जागा पुरते. घोट्यामागचा तो प्रसिद्ध किडनी पॉइंट नेमका तिथेच आहे. तळव्याला बधिरपणा असेल तर तिथे शेक अजिबात नाही, भाजलेलं कळत नाही. पेसमेकर असेल तर विजेची सुई नाही. आणि उद्या कधी डायलिसिससाठी हातावर फिस्टुला (धमनी आणि शीर जोडून केलेली, रक्त घ्यायची जागा) करायची वेळ आलीच, तर त्या हाताला ॲक्युपंक्चरची सुई कधीही नाही. डायलिसिसच्या दिवशी रक्त पातळ करणारं हेपॅरिन दिलेलं असतं, म्हणून मी अशा रुग्णांना मधल्या दिवशी बोलावते. त्यांची खाज फार वाईट असते, रात्र रात्र झोपू देत नाही. तैवानमध्ये २००५ साली चाळीस रुग्णांवर कोपराच्या घडीच्या बाहेरच्या टोकाला सुई लावून पाहिली, आठवड्यातून तीनदा, महिनाभर. तिथून दोन सेंटिमीटर बाजूला सुई लावलेल्यांपेक्षा त्यांची खाज बरीच कमी झाली. मी फिस्टुला नसलेल्या कोपराला लावते आणि काहींना खरोखर झोप मिळते. मुतखड्याच्या कळेतही सुई उपयोगी पडते. २०२२ च्या एका अभ्यासात ८० पुरुषांना डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन दिलं, निम्म्यांना सोबत खरी सुई आणि निम्म्यांना नकली. दहा मिनिटांत वेदना निम्म्यावर आलेले खऱ्या सुईचे ४० पैकी ३१, नकलीचे ४. पण कळ थांबली म्हणून खडा पडला असं नव्हे, सोनोग्राफी करावीच लागते.

सुयांपेक्षा मला जास्त भीती वाटते ती सुयांबरोबर मिळणाऱ्या पुड्यांची. तिथे काही चूर्ण, काढा, चिनी गोळ्या दिल्या आहेत का? १९९० च्या सुमारास ब्रसेल्समधल्या एका वजन कमी करण्याच्या दवाखान्यात चिनी वनस्पतींच्या गोळ्या घेतलेल्या अनेक स्त्रियांच्या किडन्या काही महिन्यांत निकामी झाल्या. एका वनस्पतीऐवजी चुकून ॲरिस्टोलोकिया जातीची दुसरी गोळ्यांत गेली होती. त्यांतल्या कित्येकींना पुढे मूत्रमार्गाचा कर्करोगही झाला. या जातीची एक वेल आपल्याकडेही उगवते, ईश्वरी म्हणतात तिला, आणि ती गावठी औषधांत वापरतात. पुडीवर घटकांची नावं नसतील तर ती घरात ठेवूच नका. आणि ‘किडनी धुऊन निघेल’ म्हणून कुणी रोज नारळपाणी सुचवलं असेल तर तेही थांबवा. निरोगी माणसाला ते अमृत, पण किडनी तिशीत असताना त्यातलं पोटॅशियम बाहेर पडत नाही. त्यात लोसार्टन-टेल्मिसार्टन पोटॅशियम थोडं वाढवतातच. पोटॅशियम फार चढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात, आणि आधी काही दुखत-खुपत नाही.

म्हणून आता असं करा. गुडघ्यांसाठी सुया चालू ठेवायला माझी हरकत नाही, उपचारकांना बाबांचा किडनीचा आजार, गोळ्यांची यादी आणि पायाची सूज स्पष्ट सांगा. लघवी मोकळी करायच्या सुया नकोत म्हणा, त्यांचे पैसे वाचवा. तीन दिवसांची लघवीची वही ठेवा, मगाने मोजून, रात्रीच्या खेपांसकट. रात्रीची लघवी चोवीस तासांच्या एकूण लघवीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त भरली तर तो आकडा नेफ्रॉलॉजिस्टना दाखवा, लघवीच्या गोळीची वेळ बदलूनही कधी कधी फरक पडतो. खेपा खूप आणि प्रत्येक वेळी थोडीच, असं निघालं तर प्रोस्टेटची सोनोग्राफी करून लघवी केल्यावर मूत्राशयात किती उरते ते पाहायला सांगा. सहासष्टाव्या वर्षी प्रोस्टेटने वाट अडवली असेल तर मागे तुंबलेली लघवीसुद्धा किडनी खराब करते, आणि ते दुरुस्त होण्याजोगं असतं.

रक्ताची तपासणी मार्चच्याच लॅबमध्ये, सकाळी, आदल्या दिवशी मांसाहार न करता: क्रिएटिनिन, सोडियम, पोटॅशियम, हिमोग्लोबिन. सोबत सकाळच्या लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन प्रमाण, म्हणजे प्रथिनं किती गळतात याचं माप. ते ३० च्या आत असायला हवं, आणि बाबांची किडनी सावरते आहे की नाही हे लघवी किती झाली यापेक्षा हा आकडा कितीतरी खरेपणाने सांगेल. रिपोर्ट हातात आला की क्रिएटिनिनकडे नजर जाण्याआधी पोटॅशियम पाहा. ५.५ च्या वर असेल तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न पाहता त्याच दिवशी नेफ्रॉलॉजिस्टना फोन करा.